‘व्हिजिलँटी’ला मराठीत काय म्हणावं? (बॅटमनची पहिली दोन-अडीच वर्षं डोळ्यांसमोर ठेवून)

खडूफळा
आमच्या सोसायटीच्या वाचनालयात मुलांसाठी कॉमिक्सचं एक कपाट मांडतो आहोत. कपाटाशेजारी लावायच्या फलकाचा मजकूर माझ्याकडे आलाय. विषय बॅटमनची सुरुवात, म्हणजे १९३९ ते १९४१. पहिलंच वाक्य असं सुचलं: ‘एका मुखवटाधारी व्हिजिलँटीची सुरुवातीची कारकीर्द’. (व्हिजिलँटी म्हणजे कुणी नेमलेलं नसताना गुन्हेगारांना स्वतःच धडा शिकवणारा.) आणि तिथेच गाडी थांबली. ‘मुखवटाधारी’ आणि ‘कारकीर्द’बद्दल मनात शंका आहे, पण मधल्या शब्दाला तर मराठीच सापडत नाहीये.

‘दक्ष नागरिक’ लिहून पाहिलं. दक्ष नागरिक फुटलेल्या पाइपाची तक्रार महापालिकेकडे करतो. मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकातला बॅटमन काय करतो? रसायनांच्या कंपनीतल्या भागीदारांचे एकामागून एक खून पडतायत, हा खुन्याला शोधून काढतो, एक ठोसा मारतो आणि तो माणूस कठडा तोडून आम्लाच्या टाकीत पडतो. त्यावर बॅटमन म्हणतो की असल्यांचा शेवट असाच व्हायला हवा. सहा पानांची गोष्ट. सहाव्या पानावर कळतं की गोष्टीच्या सुरुवातीला पोलीस कमिशनरशी गप्पा मारत बसलेला कंटाळलेला श्रीमंत तरुण ब्रूस वेन म्हणजेच हा. या माणसाला दक्ष नागरिक म्हणणं मला जमेना. कृपया सुचवा. मुलं दहा ते चौदा वयाची आहेत, त्यामुळे संस्कृत जोडशब्द नकोत.

कोशाळू
‘दक्ष’ तर बाजूलाच ठेवा. मराठीत ‘दक्षता’ सरकारदरबारी जमा झालेली आहे. रेशन दुकानाची दक्षता समिती, कार्यालयात साजरा होणारा दक्षता सप्ताह, महाराष्ट्र पोलिसांचं ‘दक्षता’ मासिक. ज्याला कुणी नेमलेलं नाही त्याला हा शब्द देता येत नाही.

मूळ बघितलं तर शब्द लॅटिनमधल्या ‘जागं राहणे’ या क्रियापदाकडे जातो. स्पॅनिशमध्ये ‘व्हिजिलँटे’ म्हणजे साधा पहारेकरी. इंग्रजीत तो अमेरिकेच्या पश्चिम भागातून रुळला आणि तिथे त्याचा अर्थ पार बदलला. सॅन फ्रान्सिस्कोत सोन्यासाठी माणसांची झुंबड उडाली, शहर भराभर वाढलं, न्यायालयं आणि पोलीस अपुरे किंवा विकले गेलेले, असं व्यापारी मंडळींचं म्हणणं. त्यांनी १८५१ मध्ये आणि पुन्हा १८५६ मध्ये स्वतःची ‘जागरूकता समिती’ काढली, स्वतःच खटले चालवले आणि माणसं फासावर दिली. १८५६ च्या समितीच्या शिक्क्यावर एक उघडा डोळा होता. म्हणजे जागं राहण्याची मूळ कल्पना शिक्क्यावर शिल्लक होती, पण हातात दोर आला होता.

मराठी शब्दात हे दोन्ही हवं, जागा डोळा आणि दोर. एका शब्दात कठीणच आहे.

वऱ्हाडी पान
जागा डोळा आमच्याकडे आहे ना! जागल्या.

पीक उभं असलं की रात्री शेतात राखणीला जातात, त्याला आम्ही ‘जागलीले जाणं’ म्हणतो. माझे आजोबा जागलीवर जायचे. मचाणावर कंदील, हाताशी गोफण, आणि डुकरांचा कळप आला की डबा बडवायचा. जो जातो तो जागल्या. जुन्या गावगाड्यात रात्री गस्त घालणाऱ्या गावनोकरालाही जागल्याच म्हणत. कोशाळू यांनी दिलेला स्पॅनिश अर्थ वाचला आणि अंगावर काटा आला. अक्षरशः तोच शब्द आहे हा. जागं राहणारा.

अलीकडे वर्तमानपत्रंही हा शब्द वापरतात, कचेरीतला गैरव्यवहार उघड करणाऱ्या आतल्या माणसासाठी. तोही छानच वापर आहे. म्हणजे शब्द जिवंत आहे, नवे अर्थ पेलतो आहे. बॅटमन पेलेल.

तळटीपवाली
शब्द सुंदर आहे आणि म्हणूनच मला तो द्यावासा वाटत नाही. जागल्याला गावाने नेमलेलं असतं. त्याचं बलुतं ठरलेलं असतं आणि चूक झाली तर गाव जाब विचारतं. तुमचे आजोबा डबा बडवायचे, दादा. त्यांनी कुणाला आम्लात ढकललं नाही.

१९३९-४० चा बॅटमन नुसता एक खलनायक टाकीत पडला म्हणून थांबलेला नाही. ‘डिटेक्टिव्ह’च्या ३२ व्या अंकात तो शवपेट्यांत झोपलेल्या रक्तपिपासूंना चांदीच्या गोळ्यांनी मारतो. ‘बॅटमन’ नावाचं स्वतंत्र त्रैमासिक १९४० च्या वसंतात निघालं, त्याच्या पहिल्याच अंकात तो विमानातून मशिनगन चालवतो आणि त्याआधी म्हणतो की जीव घेणं आवडत नाही, पण या वेळी इलाज नाही. आपल्याकडे रस्त्यावर जमावाने कुणाला ठेचलं की मारणारेही हेच म्हणतात. ‘इलाज नव्हता.’ तेव्हा आपली वर्तमानपत्रं नेमकं लिहितात, ‘कायदा हातात घेतला’. हाच मराठी वाक्प्रचार व्हिजिलँटीच्या अर्थाच्या सगळ्यात जवळ आहे. मुलांसमोर तो लपवू नये असं मला मनापासून वाटतं. ‘कायदा हातात घेणारा’ लिहा. लांब आहे, पण खरं आहे.

खडूफळा
तळटीपवाली ताई, तुमचं म्हणणं पटलं आणि म्हणूनच आणखी अडकलो. कारण हाच माणूस दोन वर्षांत बदलतो. ‘बॅटमन’च्या चौथ्या अंकात, म्हणजे १९४०-४१ च्या हिवाळ्यात, तलवारबाजी चालू असताना तो आपल्या साथीदाराला, रॉबिनला, सांगतो की पात्याची सपाट बाजूच वापर, आपण कुठल्याही शस्त्राने जीव घेत नाही. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी बंदूक आणि हत्या बंद करायला लावली होती. गंमत म्हणजे शहराला ‘गॉथम’ हे नावही त्याच अंकात मिळतं. मग १९४१ च्या शरदात, सातव्या अंकात, कमिशनर गॉर्डन भर कोर्टात बॅटमनच्या बाजूने बोलतो आणि त्याला पोलीस दलाचा मानद सदस्य करून टाकतो.

म्हणजे १९३९ मध्ये पोलीस ज्याच्या मागे लागले होते तो १९४१ मध्ये पोलिसांचाच. पहिल्याला ‘कायदा हातात घेणारा’ बसतं, दुसऱ्याला ‘जागल्या’ बसतं. गावाने नेमलं की झालाच जागल्या! मग पाटीवर काय लिहू?

वऱ्हाडी पान
दोन्ही लिहा. तुम्हीच आत्ता गोष्ट सांगितलीत. न नेमलेला जागल्या, मग नेमलेला जागल्या. ताईंचा मुद्दा मान्य आहे, नुसतं ‘जागल्या’ म्हटलं तर माझ्या आजोबांवर अन्याय होईल.

शिरोड्याचा
कोकणातून एक भर घालतो. मराठी वाचकांना मुखवट्यातला असा नायक बॅटमनच्या आधी भेटला तो ‘फँटम’. वर्तमानपत्रातली मूळ चित्रपट्टी फेब्रुवारी १९३६ पासूनची, म्हणजे बॅटमनपेक्षा तीन वर्षांनी जुनी. टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ पासून तो भारतात घराघरांत नेला, आणि मराठीत त्याचं नाव ठेवलं वेताळ. हे नाव ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. इंग्रजी शब्दाचा नुसता अर्थ पाहिला असता तर ‘आभास’, ‘छाया’ असलं काहीतरी झालं असतं.

आमच्याकडे आरवलीचा वेतोबा आहे. रात्री गावाच्या सीमेवरून फिरून तो राखण करतो अशी श्रद्धा आहे, आणि फिरून फिरून वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला भल्या मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. देवळात त्या चपला ओळीने मांडलेल्या असतात. मी लहानपणी वेताळाची पुस्तकं वाचली तेव्हा मला एका शब्दाचंही स्पष्टीकरण लागलं नाही. रात्री फिरतो, दिसत नाही, वाईट माणसाला धाक आणि गावाला आधार. हा तर राखणदार.

आणि राखणदाराला गाव नेमत नाही, ताई. गाव त्याला मानतं. नारळ देतं, राखण देतं, त्याचा रागही ओढवून घेत नाही. ‘जागल्या’त नेमणूक येते, ‘कायदा हातात घेणारा’मध्ये गुन्हा येतो. ‘राखणदार’ या दोन्हींच्या मधे उभा आहे आणि त्यात थोडी भीती आहे. बॅटमन तर मुद्दाम भीती वाटावी म्हणूनच तसा दिसतो ना?

कोशाळू
अगदी. नोव्हेंबर १९३९ च्या ३३ व्या अंकात दोन पानांत त्याचा जन्म सांगितलाय. आईवडील रस्त्यावर मारले गेले, मुलगा शपथ घेतो, वर्षानुवर्षं शरीर आणि बुद्धी घडवतो. मग एका रात्री विचार करतो की गुन्हेगार अंधश्रद्ध आणि भित्रे असतात, त्यांच्या काळजात धडकी भरेल असं रूप हवं, आणि उघड्या खिडकीतून वटवाघूळ आत येतं. भीती हा त्याच्या धंद्याचा भाग आहे. ‘राखणदार’ला माझं मत.

तळटीपवाली
‘राखणदार’वर माझी हरकत कमी आहे. पण देवपण नकळत आत येतं, हेही लक्षात असू द्या. देवाला जाब विचारत नाहीत.

आता ‘मुखवटाधारी’कडे वळू या का? ‘बुरखाधारी’ मला नको. बातमीत बुरखाधारी येतात ते पतपेढी लुटायला. शिवाय बुरखा कुणीतरी ‘फाडतो’, त्यात फक्त लपवणं आहे. मुखवट्याची आपल्याकडे आणखी एक बाजू आहे. ज्येष्ठागौरींचे मुखवटे, खंडोबाचा मुखवटा. गौरीचा मुखवटा बसवला की गौर आली म्हणतात. तिथे मुखवटा कुणाला झाकत नाही, कुणाला तरी आणतो. बॅटमनने डोक्यावरून ते चढवलं की ब्रूस वेन लपतो हे खरं, पण दुसरा कुणी तरी येतो हेही तितकंच खरं. म्हणून ‘मुखवटा’च.

शिरोड्याचा
मुखवटा चेहऱ्यापुरता असतो. बॅटमनचं ते डोकं, कान, मान झाकून पाठीवर उतरतं. आम्ही पावसात घोंगडीची खोळ घेतो, तशी. चित्रात बघा, खोळच आहे ती.

कोशाळू
खोळ! हे फार आवडलं, कारण ती खोळ नंतर आली. चित्रकार बॉब केनने आधी काढलेल्या चित्रात अंगात तांबडा पोशाख, पाठीला ताठ पंख आणि डोळ्यांपुरती छोटी पट्टी होती. त्याचा लेखक जोडीदार बिल फिंगर याने ते पाहिलं, फळीवरून वेबस्टरचा शब्दकोश काढला, त्यात वटवाघळाचं चित्र शोधलं आणि केनला त्याचे कान दाखवले. मग डोळ्यांवरच्या पट्टीच्या जागी कान असलेली खोळ आली, ताठ पंखांच्या जागी झुलता झगा आला, रंग करडा झाला. पहिली गोष्टही फिंगरनेच लिहिली, पण छापताना नाव एकट्या केनचं. फिंगरचं नाव अधिकृतपणे जोडलं गेलं ते २०१५ मध्ये, आणि ते पाहायला तो नव्हता. खडूफळा, पाटीवर जागा कितीही कमी असली तरी बिल फिंगर हे नाव आणि शब्दकोशाची गोष्ट कृपया घाला. शब्दकोश उघडल्यामुळे बॅटमनला कान मिळाले हे मुलांना कळलंच पाहिजे.

वऱ्हाडी पान
पण सगळ्यांनाच ‘खोळ’ चालणार नाही. नोव्हेंबर १९४१ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या ४२ व्या अंकात ‘व्हिजिलँटी’ असंच नाव असलेला नायक आला. गुराख्यांच्या टोपीतला, मोटरसायकलवर फिरणारा. त्याने नाकातोंडावर नुसता लाल रुमाल बांधलेला. त्याला ‘तोंडाला फडकं बांधलेला’च म्हणावं लागेल.

खडूफळा
उरला ‘कारकीर्द’. मला हा शब्द पेशव्यांमुळे खटकतो. माधवरावांची कारकीर्द, अमक्या मुख्यमंत्र्यांची कारकीर्द. पद असलं की कारकीर्द. याला कुठलं पद?

तळटीपवाली
आता खेळाडूंची आणि गायकांचीही कारकीर्द असते, तेवढं सैल झालंय. पण सुरुवातीच्या वर्षांसाठी आपल्याकडे याहून चांगला शब्द आहे, उमेदवारी. निवडणुकीतली म्हणत नाही. पूर्वी दुकानात, छापखान्यात, वकिलाकडे पोरगा कामाला लागायचा, हात बसेपर्यंत उमेदवारी करायचा. त्यात चुका गृहीत असतात.

१९८७ मध्ये फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी ‘बॅटमन’च्या ४०४ ते ४०७ या चार अंकांत त्याचं पहिलं वर्ष नव्याने सांगितलं. त्यात ब्रूस वेन पहिल्या रात्री मुखवट्याशिवाय बाहेर पडतो, चेहऱ्यावर खोटा व्रण रंगवून. ज्या मुलीची सुटका करायला जातो तीच त्याच्या मांडीत सुरी खुपसते. पोलिसांची गोळी लागते. रक्ताने माखून घरी येतो आणि तेव्हा खिडकीची काच फोडून वटवाघूळ आत पडतं. १९३९ मध्ये खिडकी उघडी होती, १९८७ मध्ये ती फुटली. दोन्हींत तो अजून शिकाऊ आहे. याला कारकीर्द म्हणवत नाही. ही उमेदवारीच आहे.

खडूफळा
सगळ्यांचे मनापासून आभार. पाटीचा मजकूर असा केलाय, बघा:

‘रात्रीचा राखणदार: बॅटमनच्या उमेदवारीची वर्षं, १९३९ ते १९४१. बिल फिंगरने शब्दकोशात वटवाघळाचे कान पाहिले आणि बॅटमनच्या डोक्यावर खोळ आली. त्याला कुणी नेमलं नव्हतं. सुरुवातीला त्याने कायदा हातात घेतला, माणसं मारली, पोलीस त्याच्या मागावर होते. मग त्याने शस्त्राने जीव न घेण्याचा नेम केला. १९४१ मध्ये शहराने त्याला आपला जागल्या मानलं.’

तळटीपवाली
‘माणसं मारली’ ठेवलंत, आभारी आहे. ते काढू नका, कुणी पालक बोलले तरी.

वऱ्हाडी पान
शेवटच्या ओळीत जागल्या बघून बरं वाटलं. आजोबांना आवडलं असतं.

शिरोड्याचा
एक विचारायचं राहिलं. त्याच कपाटात ‘मिस फ्युरी’ ठेवणार असाल तर? एप्रिल १९४१ मध्ये टार्पे मिल्स या चित्रकर्तीने वर्तमानपत्रात सुरू केलेली पट्टी, काळ्या बिबट्याच्या कातड्यातली बाई. तिला राखणदार म्हणायचं की दुसरं काही?

वऱ्हाडी पान
आमच्याकडे बायाही जागलीले जातात. आजोबा गेल्यावर आजी जायची. तिला कुणी जागल्या म्हटलं नाही, ‘राखणारी’ म्हणायचे. ‘पीक कोण राखतं?’ ‘राखणारी हाय.’

खडूफळा
राखणारी. लिहून घेतलं.