न दुखणारा खडा, सुजलेलं पित्ताशय आणि कॅन्सरची भीती

वैदर्भी सर्जन
कालच्या पोस्टमध्ये लिहिलंय, ‘पित्ताशयातल्या खड्यामुळे कॅन्सर हा सर्जननी उभा केलेला बागुलबुवा आहे, दुखलं तर पित्ताची गोळी घ्या.’ हे वाचून गप्प बसवत नाही. न दुखणारा खडा आणि वर्षानुवर्षं सुजलेलं पित्ताशय एकाच मापाने मोजू नका. खडा अस्तराला घासतो, पित्त साचतं, जंतू वाढतात. अस्तर झडतं, पुन्हा उगवतं आणि उगवताना पेशी जठराच्या, आतड्याच्या पेशींसारख्या होतात. काहींत पुढे डिसप्लेझिया, म्हणजे पेशींत कॅन्सरआधीचा बिघाड, मग अस्तरापुरता कॅन्सर, मग भिंतीत शिरलेला. पेशींची बेलगाम वाढ रोखणारं टीपी५३ जनुक या वाटेवर लवकर बिघडतं. हे सगळं व्हायला साधारण १५ वर्षं लागतात आणि त्या काळात वेगळं असं काहीच दुखत नाही. ३ सेंमीहून मोठ्या खड्याचा धोका १ सेंमीहून लहानाच्या सुमारे दहापट.

जीपी सातारा
दहापट कशाच्या? मुळात धोका किती, ते सांगा आधी. कॅन्सर झालेल्या बहुतेकांत खडे सापडतात, पण खडे असलेल्या बहुतेकांना कॅन्सर कधीच होत नाही. गंगेच्या खोऱ्यात हा कॅन्सर जास्त, तिथलं प्रमाण साताऱ्यातल्या पेशंटला लावून घाबरवू नका. पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा होते हजारांत ३ ते ५ जणांना. ती कोण सांगतं?

वैदर्भी सर्जन
सरसकट पित्ताशय काढा असं कुठे म्हटलंय मी? ३ सेंमीवरचा खडा, १० मिमीचा पॉलिप (अस्तरावरचा कोंब), वारंवार येणारी कळ, उपाशीपोटी सोनोग्राफीतही जाड दिसणारी भिंत, एवढ्यांबद्दल बोलतोय. जेवून आलेल्याचं पित्ताशय आक्रसलेलं असतं, त्याची भिंत मोजून काही कळत नाही. चिलीत २००६ पासून ३५ ते ४९ वयाच्या खडेवाल्यांची शस्त्रक्रिया सरकारी हमीत आहे, कॅन्सर टाळण्यासाठीच.

स्लाइडवाली
काढायचं की नाही यावर भांडताय, काढलेल्याचं काय होतं ते बघा! खडे नातेवाइकांना दाखवतात आणि पित्ताशय पिवळ्या पिशवीत. पाठवलंच तर न उघडता, इवल्याशा डबीत. नमुना टिकवणारं फॉर्मलिन आत पोचत नाही, पित्ताने अस्तर विरघळतं, स्लाइडवर वाचायला काही उरत नाही. यकृताच्या विरुद्ध बाजूने उभं कापा, दहापट फॉर्मलिन घाला.

जीपी सातारा
प्रत्येकाच्या बायोप्सीचा खर्च कोण देणार? सर्जनने उघडून, बोट फिरवून पाहिलं तर पुरे.

स्लाइडवाली
पुरत नाही! डिसप्लेझिया बोटाला लागत नाही. आम्ही पॅथॉलॉजिस्ट नलिकेचं टोक, मान, मधला भाग, तळ असे तुकडे घेतो आणि डिसप्लेझिया दिसला की उरलेलं सगळं पित्ताशय तपासतो. अस्तरापुरता असेल तर झालेली शस्त्रक्रिया पुरते. स्नायूत शिरला असेल तर यकृताचे पित्ताशयालगतचे ४बी आणि ५ हे भाग, शिवाय लसिकाग्रंथी काढाव्या लागतात. पित्ताशयाला सबम्युकोझा (अस्तराखालचा सैल थर) नाही, यकृताच्या बाजूला सिरोझाही (बाहेरचं आवरण) नाही. कॅन्सरला अडवणारं आहे काय? रिपोर्टच नसेल तर हे कळतं ते कावीळ झाल्यावर.

जीपी सातारा
बरं, नमुना पाठवायला हवा, मान्य. पण पोर्सलेन पित्ताशयात, म्हणजे भिंतीत कॅल्शियम साचलेल्या, चौघांत एकाला कॅन्सर, हा जुना आकडा तुम्ही लोक अजून सांगता. तो आधी बंद करा.

वैदर्भी सर्जन
तो आकडा फुगलेला होता, हे खरं. पण अस्तरात ठिपक्याठिपक्यांनी कॅल्शियम साचलेलं पित्ताशय मी आजही काढायलाच सांगेन. आणि काढताना पित्ताशय पिशवीत घालूनच बाहेर घ्या. फाटून पित्त सांडलं आणि आत कॅन्सर निघाला, तर तो पोटभर पेरला जातो.