पुढून डावीकडून खडखड: लिंक रॉड झाले, लोअर आर्म झाला, आता म्हणतात शॉकअप बदला

वहीवाली

नमस्कार मंडळी. गाडी १७ वर्षांची, पेट्रोल हॅचबॅक, १,२६,००० किलोमीटर झालेत. आधी बाबा चालवायचे, गेली पाच वर्षं माझ्याकडे आहे. ग्लोव्ह बॉक्समध्ये त्यांची एक वही आहे. गाडीला पाना लागला की तारीख, किलोमीटर आणि काय केलं ते त्यात लिहायचं, हा त्यांचा शिरस्ता. तो मी मोडलेला नाही, म्हणून हे नाव.

दुखणं असं आहे. तीनेक महिने झाले, पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज येतो. रस्ता गुळगुळीत असला की गाडी चिडीचूप. खडबडीत रस्त्यावर वीस-तीसच्या वेगात मात्र डब्यात चमचे घालून हलवावेत तसा खडखडाट. साठच्या पुढे तो थांबतो की टायरच्या आवाजात बुडून जातो, सांगता येत नाही. स्पीड ब्रेकरवरून उतरताना एकच 'ठक्'. पार्किंगमध्ये स्टेअरिंग फिरवताना अधूनमधून 'टण्ण', पण बोलावून आणलेल्या माणसासमोर कधीच नाही. गाडी एका बाजूला ओढत नाही, स्टेअरिंग थरथरत नाही, टायरही एकसारखे झिजलेत.

पहिल्या गॅरेजमध्ये दोन्ही लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या स्टॅबिलायझर बारला चाकांशी जोडणाऱ्या छोट्या दांड्या) बदलले. दोन दिवस आवाज कमी वाटला, पण तो मनाचा खेळ होता. दुसरीकडे डावा लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा हात) बॉल जॉइंटसकट नवा बसवला. फरक शून्य. आता तेच म्हणतात, "शॉकअप गेलेत, जोडी बदला." कशावरून, असं विचारलं तर बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "आवाज तिथूनच येतोय."

घरातही एकमत नाही. शेजारच्या सीटवरचा भाऊ म्हणतो आवाज त्याच्या पायाखालून येतो. आई मागे बसते, तिच्या मते तो मागूनच येतो.

प्रश्न एवढाच: शॉकअप खरंच गेलेत का, हे बदलायच्या आधी कसं ओळखायचं?

पाचवा_गिअर

ताई, १७ वर्षांच्या गाडीत रबर म्हणून जे काही असेल ते सगळं गेलेलंच असतं. पुढचं सस्पेन्शन अख्खं नवं करा: शॉकअप, टॉप माउंट (शॉकअप वरून गाडीला जिथे बसतो तो भाग), दोन्हीकडचे आर्म, टाय रॉड एंड, स्टॅबिलायझर बारचे बुश (सांध्यांतले रबर). एकदाच काय ते होऊन जाईल. एकेक सुटा भाग बदलत बसलात तर वर्षभर गॅरेजच्या पायऱ्या झिजवाल.

खटारा_प्रेमी

थांबा, आधी डिकी रिकामी करा. चेष्टा नाही. माझ्या गाडीचा आवाज महिनाभर 'सस्पेन्शनचा' होता, निघाला जॅकच्या हँडलचा. त्याचा रबरी पट्टा तुटला होता. दुसऱ्या वेळी रिकाम्या सीटच्या बेल्टचं बक्कल आतल्या प्लास्टिकवर आपटत होतं. पत्र्याच्या डब्यात बसून आवाजाची दिशा ओळखणं कुणाच्या बापाला जमत नाही, त्यामुळे तुमच्या घरातले तिघंही आपापल्या जागी बरोबर असतील.

निवृत्त_पाना

शॉकअप बदलू नका. निदान अजून नको.

शॉकअप थकला की गाडी झुलते, तेल गाळते, ब्रेक मारल्यावर नाक खाली घालते. आवाज करायला तो आतून सुटलेला असावा लागतो किंवा वरचा नट ढिला असावा लागतो. डाव्या मडगार्डवर जोर देऊन गाडी दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन जागच्या जागी थांबली आणि शॉकअपची नळी कोरडी असली, तर त्याच्यावर बालंट घेऊ नका. ही काही पक्की परीक्षा नाही, पण थापा मारण्यापेक्षा बरी.

तुमचं लिखाण दोनदा वाचलं. तुम्ही 'आवाज' म्हणताय, पण वर्णन तीन केलीत: खडखड, ठक् आणि टण्ण. तिन्ही एकाच भागाचे असतीलच असं कुणी सांगितलं? गॅरेजवाल्याला एकच शब्द सांगितला की तोही एकच भाग शोधतो. तेव्हा तिन्ही वेगळे करून बघा.

पहिलं, खडखड. रहदारी नसलेला खडबडीत रस्ता शोधा, वीसच्या वेगात चला, आवाज सुरू झाला की ब्रेकवर नुसता पाय टेकवा. गाडी थांबवायची नाही, पॅड डिस्कला लागतील एवढंच. आवाज थांबतो का ते ऐका, पाय काढा, पुन्हा टेकवा. चार-पाच वेळा करा, एकदाच्या निकालावर विश्वास ठेवू नका.

दुसरं, ठक्. स्पीड ब्रेकरवर एकदा दोन्ही चाकं बरोबर चढवा, एकदा तिरकी घेऊन एकेक चाक चढवा. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर स्टॅबिलायझर बारला पीळ बसत नाही, एकच चढलं की बसतो. त्यामुळे फक्त तिरक्या चढाईत वाजत असेल तर बार, त्याचे बुश, लिंक यांच्याकडे बघायचं. दोन्ही प्रकारांत वाजत असेल तर बार बहुतेक सुटला.

तिसरं, टण्ण. गाडी सपाटीवर उभी, हँडब्रेक ओढलेला. भावाला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवायला सांगा आणि तुम्ही बाहेरून स्प्रिंगला तळहात लावून ठेवा. बोटं वेढ्यांच्या मध्ये घालायची नाहीत. स्प्रिंग गुपचूप फिरते की अडकून उडी मारते, ते हाताला कळतं. कानापेक्षा हात खरं सांगतो.

आणि एक. लोअर आर्म बदलला तेव्हा बुशचे बोल्ट शेवटचे कसले ते चाकं जमिनीवर असताना की गाडी अधांतरी असताना? लटकत्या चाकावर कसले तर गाडी खाली उतरल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. आजच्या आवाजाशी याचा संबंध नसेलही, पण विचारून घ्या.

वहीवाली

@खटारा_प्रेमी, डिकी रिकामी केली. जॅक घट्ट आहे. एक मोडकी छत्री, बाबांचा टॉर्च आणि माझी हरवलेली चप्पल सापडली. आवाज आहे तसाच.

@निवृत्त_पाना काका, तिन्ही केलं, वहीत लिहूनही ठेवलं.

खडखड: ब्रेकवर पाय टेकवला की बंद! पाय काढला की सुरू. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. मी वेड्यासारखी एकटीच हसत होते.

ठक्: सरळ घ्या, तिरकी घ्या, चाक खाली उतरताना वाजतोच. ब्रेकचा त्याच्यावर परिणाम नाही.

टण्ण: डावीकडे अर्ध्यावर गेल्यावर स्प्रिंगने तळहाताला चक्क धक्का दिला, मागोमाग आवाज. उजव्या बाजूची स्प्रिंग मुकाट फिरते.

गाडी दाबून सोडली तर एकदाच वर येते आणि थांबते. नळी कोरडी आहे, नुसती धूळ. लोअर आर्मचे बोल्ट गाडी वर टांगलेली असतानाच कसले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा त्यात काही चूक असेल हे माहीत नव्हतं.

निवृत्त_पाना

मग दोन दुखणी आहेत, आणि एकाचा सस्पेन्शनशी काही संबंध नाही.

ब्रेकला नुसता पाय लागताच जी खडखड थांबते ती ब्रेकचीच. पॅड आपल्या जागेत सैल आहेत नाहीतर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना झिजल्यात. वहीत बघा, पॅड शेवटचे कधी बदलले? आणि शॉकअप कधी? लोअर आर्मचे बोल्ट ढिले करून गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा कसून घ्या, आत्ताच.

पाचवा_गिअर

पॅडचं मान्य. पण टण्ण म्हणजे टॉप माउंटचं बेअरिंग, यात शंका नको. बेअरिंग अडकलं की स्प्रिंग पीळ खाते आणि सुटताना उडी मारते. मी पहिल्याच उत्तरात टॉप माउंट लिहिलं होतं.

निवृत्त_पाना

तुम्ही सगळंच लिहिलं होतं, दादा, त्यात एखादं बरोबर निघणारच.

पण मुद्दा रास्त आहे. हाताला लागलेली उडी बेअरिंगचीही असू शकते आणि तुटलेल्या स्प्रिंगचीही. हातावरून ते दोन वेगळे करता येत नाहीत. म्हणून ताई, टेप घ्या. सपाट जमिनीवर, गाडी रिकामी, दोन्ही पुढच्या टायरमध्ये सारखी हवा, स्टेअरिंग सरळ. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उभं अंतर मोजा, डावं आणि उजवं. मग बाबांचा टॉर्च घेऊन स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा बघा, जिथे ती वाटीत बसते तिथे. स्प्रिंग बहुतेक वेळा शेवटच्या वेढ्यात तुटते, कारण त्या वाटीत पाणी आणि खडी साचते, रंग उडतो आणि गंज तिथून आत शिरतो. तुकडा वाटीतच पडून राहतो, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला स्प्रिंग अखंड दिसते.

बेअरिंग गेलं असेल तर दोन्ही बाजूंची उंची साधारण सारखीच भरेल.

वहीवाली

मोजलं. उजवीकडे ३७.२ सेंटिमीटर, डावीकडे ३५.९. तीनदा मोजलं, भावाकडूनही मोजून घेतलं, कारण मला हवा तो आकडा मला दिसतोय की काय अशी शंका आली.

टॉर्चने बघितलं तर खाली नुसता चिखल. जुन्या ब्रशने खरवडला. उजवीकडे स्प्रिंगचं टोक वाटीच्या खाचेला टेकलेलं आहे, कापल्यासारखं सपाट. डावीकडे खाचेत एक सुटा तुकडा पडलाय, माझ्या करंगळीपेक्षा थोडा लांब, आणि वरच्या स्प्रिंगचं टोक तिरकं, दातेरी. अर्धा भाग तपकिरी गंजलेला, कडेला एक चंद्रकोर अजून चकचकीत.

आणि वही. शॉकअप ८८,००० ला बदललेत, बाबांच्या अक्षरात, "दोन्ही पुढचे, स्प्रिंग जुनीच" असं. पॅडची नोंद चार महिन्यांपूर्वीची. माझ्याच अक्षरात. खडखड सुरू झाली तीन महिन्यांपूर्वी. हे मीच लिहिलंय आणि मलाच दिसलं नाही, आता काय बोलणार?

निवृत्त_पाना

तपकिरी म्हणजे जुनी चीर, चकचकीत म्हणजे शेवटी तुटला तो भाग. गाडी आता जागची हलवू नका, फार तर गॅरेजपर्यंत, हळू. तुटकं टोक वाटीतून निसटलं तर टायरच्या बाजूला घुसू शकतं, आणि बाजूला भोक पडलेला टायर मग पंक्चर काढून चालत नाही.

स्प्रिंग जोडीने बदला. एकच नवी घातली तर उंची जुळणार नाही. ती उघडायला दाबयंत्र लागतं, घरी खटपट करू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. तेवढं उघडलंच आहे तर टॉप माउंट आणि बेअरिंगही नवं टाका, मजुरी एकदाच पडेल. म्हणजे पाचवा गिअरही खूश. शॉकअप चांगले असतील तर तेच परत बसवा.

चाक काढलंच आहे तर बाहेरचा पॅड बोटाने वरखाली हलवून बघा. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथे पातळ स्टीलच्या पत्तीच्या क्लिपा असतात. पॅड बदलताना जुन्या गंजक्या क्लिपा काढून फेकतात आणि नव्या घालायच्या राहून जातात. पिनांना ब्रेकचंच ग्रीस लावायला सांगा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिना अडकतात.

वहीवाली

काम झालं. मी समोर उभी राहिले, या वेळी बसले नाही.

डाव्या कॅलिपरला खालची क्लिप नव्हतीच, वरची चेपून बाजूला सरकलेली. पॅड बोटाने हलवला तर 'कट कट', तोच आवाज, फक्त बारीक. तीन महिने माझ्या डोक्यात वाजणारी गोष्ट एका बोटाखाली! पॅडचे कान खाचेत घासून चांदीसारखे चमकत होते. नव्या क्लिपा बसवल्या, पिना साफ करून ग्रीस केल्या. पॅड तेच ठेवले, अजून जाड आहेत.

स्प्रिंगची जोडी नवी, टॉप माउंट नवे. बेअरिंग डावीकडचं थोडं खरखरीत होतं, तेव्हा @पाचवा_गिअर, अर्धा गुण तुमचा. शॉकअप हातात धरून दाबून-ओढून बघितले, दोन्ही सारखे जड. तेच परत बसवले. लोअर आर्मचे बोल्ट या वेळी गाडी चाकांवर उभी करून कसले. मी सांगितलं तेव्हा पोऱ्याने वर बघितलं, पण केलं. उंची आता दोन्हीकडे ३७.८.

त्याच खडबडीत रस्त्यावर जाऊन आले. पुढून आवाज नाही. करंगळीएवढा तो तुकडा ग्लोव्ह बॉक्समध्ये वहीशेजारी ठेवलाय.

आई मात्र अजून म्हणते, मागून येतो.

खटारा_प्रेमी

मी पहिल्यापासून म्हणत होतो, तिघंही बरोबर असतील.

निवृत्त_पाना

आईंना पुढे बसवा, भावाला चालवायला द्या आणि तुम्ही मागे त्यांच्या जागी बसा. आधी मात्र त्यांना विचारा, ठक् की कुरकुर?

वहीवाली

विचारलं. कुरकुर म्हणते. आणि सकाळी गाडी गार असताना जास्त.

निवृत्त_पाना

मग मागच्या बीमचे (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईचे) बुश बघू. चाकांना अडण लावा, टॉर्च घ्या, आणि या वेळी एकाच आवाजाबद्दल बोला.