मदत हवी आहे : जुन्या मारुती जिप्सी किंगला कोणते अलॉय (मिश्रधातूचे रिम) बसतील?

नमस्कार मंडळी, घरची जिप्सी किंग आहे. इंजिन ठणठणीत, पण मूळ लोखंडी रिम गंजून कडा वाकल्या आहेत. गाडी रोज नागपुरात फिरते आणि पावसाळ्यात उमरेडकडच्या काळ्या मातीत उतरते, तेव्हा नुसती दिसायला छान चाकं नकोत.

पीसीडी (बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचं माप) ५×१३९.७, म्हणजे १३९.७ मिमी व्यासावर पाच भोकं, मधलं भोक १०८ मिमी, मूळ टायर २०५/७० आर १५, इतकं पक्कं आहे. घोडं अडलंय ऑफसेटवर, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं त्यावर. दुकानदार म्हणतो, "भाऊ, १५×८ मायनस ऑफसेटचे घ्या, गाडी भरून दिसते." पण चाक इतकं बाहेर आलं की व्हील बेअरिंगवर ताण वाढणार, स्टिअरिंग जड होणार आणि चिखल थेट दारावर उडणार. पॉवर स्टिअरिंग नाही, म्हणून मला ते पटत नाही. स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) तर नकोच.

नव्या जिम्नीचीही पीसीडी ५×१३९.७ आणि रिम १५ इंचीच आहे. तिचे मूळ अलॉय कुणी जिप्सीला लावलेत का? समोरच्या ब्रेक कॅलिपरला घासतात का? जुनेच नट चालतात की अलॉयसाठी वेगळे घ्यावे लागतात?

टायर २१५/७५ आर १५ घ्यायचा विचार आहे. टायरचा व्यास साधारण ३५ मिमी वाढतो. सस्पेन्शन न उचलता पूर्ण वळणावर लीफ स्प्रिंगला लागेल का? पेंच-ताडोबाकडे जिप्सी चालवणाऱ्या भावांनी जरूर सांगा, फोटो असेल तर टाका. नागपुरात रिम नीट तपासून देणारा कारागीर माहीत असेल तर तेही कळवा.