मदत हवी आहे: एफएसडब्ल्यू जोडातला अवशिष्ट ताण, होल ड्रिलिंग म्हणतं ओढ आणि एक्स-रे म्हणतो दाब

नमस्कार मंडळी,

६०८२-टी६ ॲल्युमिनियमच्या ६ मिमी जाड, ४०० मिमी लांब दोन प्लेटा फ्रिक्शन स्टर वेल्डिंगने (एफएसडब्ल्यू; फिरत्या टूलने धातू न वितळवता ढवळून जोडणं) जोडल्यात. टूलचा शोल्डर (प्लेटवर टेकून घासणारा गोल भाग) १८ मिमी. फटीगच्या (वारंवार भाराने तडा जाण्याच्या) हिशेबासाठी जोडातला अवशिष्ट ताण (बाहेरून भार नसतानाही आत उरलेला) हवाय आणि तिथेच घोडं अडलंय.

आधी अख्ख्या प्लेटवर होल ड्रिलिंग केलं (गेज चिकटवून थोडं थोडं भोक पाडायचं आणि धातू किती सैल होतो त्यावरून ताण काढायचा). वेल्डच्या दिशेतला ताण मध्यरेषेवर ६० मेगापास्कल ओढीचा आला, ॲडव्हान्सिंग बाजूला (जिथे टूलचं फिरणं आणि पुढे सरकणं एकाच दिशेत असतं) शोल्डरच्या काठाशी ९५ पर्यंत चढला आणि तिथून बाहेर उतरत दाबात गेला. या जोडांत नेहमी दिसतो तसाच 'एम' आकार, त्यामुळे मी निर्धास्त होते.

मग त्याच प्लेटमधून ४० मिमी लांबीचा तुकडा कापून एक्स-रेला (स्फटिकांतल्या अंतरावरून ताण मोजायला) दिला. काठाशी उत्तर आलं उणे ३०, म्हणजे दाब!

एक्स-रे ॲल्युमिनियममध्ये मिलिमीटरचे काही शतांशच शिरतो, हे माहीत आहे. पण तुकडा देण्याआधी शोल्डरने उमटवलेल्या अर्धगोल रेघा आणि कडेचा फ्लॅश (बाहेर आलेला जादा धातू) मी कानशीने, मग पॉलिश पेपरने घासून काढला होता. बहुतेक त्या घासण्यानेच वरच्या थरात दाब बसला. आता जुनी वही उघडली तर होल ड्रिलिंगमध्येही पहिल्या ०.०५ मिमीचं रीडिंग बरंच खाली होतं. गेज चिकटवताना तिथेही पेपर मारलाच होता. तेव्हा गेजचा दोष समजून मी तो आकडा सोडून दिला, ही चूकच झाली.

दुसरी शंका कापण्याची. लांबीच्या दिशेतली ओढ आजूबाजूच्या थंड धातूने धरून ठेवलेली असते. दोन्ही टोकं मोकळी झाल्यावर ४० मिमीत ती किती उरणार? कापताना गेज लावून ठेवला असता तर निदान किती सुटली ते कळलं असतं.

शिवाय ९५ वरही पूर्ण भरवसा नाही. शोल्डरच्या काठाशी एचएझेड (वेल्डच्या उष्णतेने बदललेला पट्टा) मऊ पडलेला असतो आणि ताण तिथल्या यील्डच्या (ज्या ताणापुढे धातू कायमचा वाकतो) ८० टक्क्यांपुढे गेला की होल ड्रिलिंग फुगवून आकडा देतं. मूळ प्लेटचं यील्ड धरून तपासलं तर सगळं ठीक दिसतं, पण ते इथे धरता येत नाही ना?

दुसरी जोडलेली प्लेट अजून अखंड आहे. ती न कापता, इलेक्ट्रोपॉलिशने (न घासता, विजेने धातू विरघळवून) थर काढत एक्स-रे घ्यावा का? किती खोलीपर्यंत? आणि फटीगचे कूपन (चाचणीचे तुकडे) शेवटी कापावेच लागणार, तर हिशेबात प्लेटमधला ताण धरायचा की कूपनमध्ये उरलेला? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा. ही प्लेट कापली की पुन्हा मोजायला काही उरणार नाही.