गच्चीवर नेलं की हायड्रोजेल सेन्सरचं रीडिंग बदलतं, काय करू?

वर्धारोड_इलेक्ट्रॉनिक्स

नमस्कार. मी नागपुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. फेब्रुवारीत आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सांधा बदलला. व्यायाम ती नेमाने करते, पण गुडघा किती वाकला हे अंदाजानेच ठरतं, आणि आई ऑफिसला गेली की ते बघायलाही कोणी नसतं. म्हणून प्रोजेक्टला नी-कॅपवर बसणारा हायड्रोजेलचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या लवचिक जेलचा, मऊ सेन्सर घेतला. पाण्यात १० टक्के पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं पॉलिमर) गरम करून विरघळवलं, मीठ घातलं, साच्यात ओतून रात्री फ्रीझरमध्ये आणि सकाळी बाहेर, असं दोन-तीनदा केलं. जेल सुंदर झालं, ताणून सोडलं की जागेवर येतं. दोन्ही टोकांना तांब्याची तार आणि अर्डुइनोवर (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) साधा व्होल्टेज डिव्हायडर, म्हणजे जेल आणि एक कायमचा रेझिस्टर यांच्यात व्होल्टेज वाटणारं सर्किट.

कूलरच्या खोलीत सगळं बरोबर: वाकवलं की रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो, सरळ केलं की उतरतो. दुपारी गच्चीवर नेलं तर पाय न हलवताच आधी रोध उतरतो, मग चढायला लागतो आणि चढतच जातो. संध्याकाळी पट्टी कडक झालेली असते.

बाजारातला फ्लेक्स सेन्सर (वाकणं मोजणारी तयार पट्टी) लाव असं सगळे सांगतात, पण तो आजीला टोचतो. मला जेलच हवं आहे. सुरुवात कुठून करू?

जेलवाला_नागपूर

जेल सोडू नकोस. तुझी निरीक्षणं चांगली आहेत, त्यांतच उत्तर आहे.

आधी रोध उतरतो तो उन्हामुळे. मिठाच्या पाण्याची वाहकता दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी वाढते. खोलीत २८ अंश आणि गच्चीवर ४३ धर. एवढ्यानेच रोध जवळपास पाव हिश्श्याने खाली येतो. आता ताणाचा हिशेब बघ. जेल ताणलं तरी त्याचं घनफळ तेवढंच राहतं. ते लांब होतं तसं बारीकही होतं, म्हणून रोध लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० टक्के ताणाला १.२१ पट, ३० टक्क्यांना सुमारे १.७ पट. म्हणजे आजीने गुडघा थोडासाच वाकवला तर ती वाढ ऊन गिळून टाकणार.

नंतर चढतो तो पाण्यामुळे. तुझ्या पट्टीत पीव्हीए १० टक्के, बाकी जवळजवळ सगळं पाणी. ते उडून राहिलं आहे. कूलरची हवा दमट असते म्हणून घरात कळत नाही. मे महिन्यात बाहेरची आर्द्रता दुपारी कित्येकदा २० टक्क्यांच्या आसपास असते. शोधनिबंधांतले देखणे आलेख बहुतेक वातानुकूलित खोलीतले असतात, आणि याबद्दल पुरेसं बोललं जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. मजबुतीचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. हार्वर्डच्या गटाने २०१२ मध्ये अल्जिनेट आणि पॉलिअॅक्रिलामाइडचं जेल मूळ लांबीच्या वीसपट ताणून दाखवलं. पण नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दिवसभर टिकणारं जेल ही आपली गरज आहे, आणि त्यावर आपल्याच गावात काम व्हायला हवं.

करायचं काय? निम्म्या पाण्याच्या जागी ग्लिसरीन घाल. पीव्हीए आधी पाण्यातच ९० अंशांवर पूर्ण विरघळू दे, मग ग्लिसरीन. ते पाणी धरून ठेवतं. रोध वाढेल, त्याची काळजी करू नकोस. मात्र पावसाळ्यात हेच जेल हवेतली वाफ ओढेल आणि रोध उलट्या दिशेने सरकेल. म्हणून पट्टीचं वजन रोज कर. वजन आणि रोध शेजारी-शेजारी लिहिलेस की पाण्यामुळे किती आणि वाकण्यामुळे किती हे वेगळं दिसेल.

खरा उपाय सर्किटमध्ये आहे. त्याच साच्यातून दोन पट्ट्या काढ. एक गुडघ्यावर ताणली जाईल, दुसरी मांडीकडच्या कापडावर सैल, जिथे ताण येत नाही. डिव्हायडरमधला कायमचा रेझिस्टर काढून तिथे ही दुसरी पट्टी लाव. दोघींना ऊन सारखं लागतं, दोघी सारख्याच वाळतात. डिव्हायडर गुणोत्तर मोजतो, त्यामुळे हे दोन्ही बदल बऱ्यापैकी छाटले जातात आणि ताण तेवढा उरतो.

आणि डीसी बंद कर. जेलमध्ये वीज वाहून नेतात ते आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण. एकाच दिशेने व्होल्टेज दिलं की टोकांशी आयन साचतात, तांबं हिरवं पडतं, आणि पट्टी स्थिर असूनही रीडिंग सरकतं. दोन डिजिटल पिनांनी आलटून-पालटून सारख्याच वेळेचे छोटे पल्स दे, मधल्या काळात दोन्ही पिन शून्यावर ठेव. तारेऐवजी ईसीजीच्या चिकटपट्टीतली सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडची टिकली वापर. मेडिकल चौकाकडच्या सर्जिकल दुकानांत विचार.

एक ताकीद: घरी अॅक्रिलामाइड वापरायचं नाही. पॉलिअॅक्रिलामाइडचा हा मोनोमर, म्हणजे साखळीत न जोडलेला सुटा रेणू, मज्जातंतूंना घातक आहे. व्हिडिओतली बोरॅक्सची पाककृतीही आजीच्या पायासाठी नको.

फिजिओ_धरमपेठ

सर्किटमधलं मला कळत नाही, पण गुडघ्याचं सांगते. आम्हाला अर्ध्या अंशाची अचूकता नको असते. ९० अंश वाकला का, दिवसात किती वेळा वाकला, आणि तितकंच महत्त्वाचं, पूर्ण सरळ होतो का, हे कळलं तरी मोठी मदत होते. खुर्चीतून उठायला साधारण ९० लागतात. जिन्याचं काम त्यावर सोपं होतं. म्हणून रोज व्यायामाआधी गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) लावून दोन रीडिंग घे, पाय सरळ असताना आणि ९० वर. त्या दिवसाचं माप तिथूनच धर.

पट्टी थेट कातडीवर नको. व्रण अजून कोवळा असेल, आणि मे महिन्यात प्लास्टिकच्या खाली घाम साचून घामोळ्या येतात. नी-कॅपच्या कापडाच्या बाहेरच्या बाजूला शिव. आजींना काढता-घालता येईल असं कर, कारण दुसऱ्याची मदत लागली की चार दिवसांनी ते कपाटात जातं. हे मी पेशंटांच्या घरी फार बघितलं आहे.

वर्धारोड_इलेक्ट्रॉनिक्स

दोघांचेही खूप आभार. दुसऱ्या पट्टीचं आधी सुचायलाच हवं होतं असं वाटावं इतकं ते सरळ आहे! एक शंका. वाळू नये म्हणून दोन्ही पट्ट्या सिलिकॉन रबरात पॅक केल्या तर ग्लिसरीनची गरज राहील का? आणि ताई, आजी व्यायाम संध्याकाळी अंगणात करते, तेव्हाही ऊन असतंच.

जेलवाला_नागपूर

राहील. सिलिकॉनमधून पाणी सांडत नाही, पण वाफ सहज जाते. पातळ थराने वाळणं मंदावेल, थांबणार नाही. दोन्ही कर, फक्त दोन्ही पट्ट्यांवर थर सारख्या जाडीचा हवा, नाहीतर एक लवकर वाळेल. अंगणात बसताना दोन्ही एकाच बाजूला असू देत. एक उन्हात आणि एक सावलीत गेली की छाटणी बिघडते. पहिल्या आठवड्याचे वजनाचे आकडे इथे टाक, ग्लिसरीनचं प्रमाण त्यावरून ठरवू.