.३५ रेमिंग्टनसाठी घरी काडतुसं भरायचीत, बुलेट आणि दारू कुठली घेऊ?

पिट्सबर्गकर:
मंडळी, मी पश्चिम पेनसिल्व्हेनियात राहतो, ऑफिसातल्या मित्रांबरोबर तीन सीझन व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला जातोय, आतापर्यंत माझी .३०८ रायफल घेऊन जायचो. यंदा शेजारच्या आजोबांची मार्लिन ३३६ ही लिव्हर रायफल घेतली, .३५ रेमिंग्टनमधली, दस्त्याचं पॉलिश हात लागून लागून उडालंय पण नळी आतून लख्ख आहे. अडचण काडतुसांची. आमच्या इथल्या दुकानात .३०-३० ची खोकी हवी तेवढी, .३५ चं एखादंच आणि तेही महाग, म्हणून घरीच भरायचं ठरवलंय. .३०८ साठी दोन वर्षं भरतोय, प्रेस आहे, फक्त डाय (पुंगळीला आकार देणारे साचे) नवीन घेतल्या. आमच्या जंगलात ऐंशी यार्डांपुढचं काही दिसतच नाही. तर २०० ग्रेन (वजनाचं माप) राउंड नोज, म्हणजे गोल टोकाची बुलेट घेऊ की रबरी टोकाची एफटीएक्स? एच४८९५ दारू घरात आहे, ती चालेल का एच३३५ आणू? वेग जितका काढता येईल तितका काढावा असं वाटतंय, कारण जखमी हरीण झाडीत पळून गेलेलं मला बघवणार नाही. आणि आजोबांनी ४० भरलेली काडतुसंही दिलीत, कॉफीच्या डब्यात, वर पेन्सिलनं फक्त ‘३०३१’ लिहिलंय. ती वापरू का?

जुना_लिव्हरवाला:
दादा, आधी तो कॉफीचा डबा बाजूला ठेवा, त्यातलं एकही काडतूस उडवू नका. ३०३१ हे दारूचं नाव आहे हो, .३५ मध्ये लोक वर्षानुवर्षं वापरतात, पण किती ग्रेन घातली, कुठल्या बुलेटमागं घातली, हे आता कोण सांगणार? पुलरनं बुलेटा काढा, दारू टाकून द्या, पुंगळ्या (पितळी कवचं) तपासून ठेवा.

आता वेगाचं. हे काडतूस १९०६ चं आहे, त्याची दाबाची मर्यादा ३३,५०० पीएसआय, तुमच्या .३०८ ची ६२,०००. .३०८ मध्ये आपण थोडं थोडं वाढवत जातो, प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी) चपटा दिसला किंवा बोल्ट जड लागला की थांबतो, ती सवय इथं घातक आहे, कारण इथं तसली खूण दिसेपर्यंत तुम्ही मर्यादेच्या कितीतरी पुढं गेलेले असता. पुस्तकात जो शेवटचा आकडा आहे तिथं थांबायचं, रायफल काही बोलत नाही म्हणून पुढं जायचं नाही.

आणि हरणासाठी तेवढा वेग लागतही नाही. फॅक्टरीची २०० ग्रेन बुलेट सेकंदाला २०८० फुटांनी सुटते आणि १०० यार्डांवर १७०० च्या आसपास येते. .३५ साठीची राउंड नोज याच वेगाला उमलेल अशी बनवलेली असते, ऐंशी यार्डांत ती आपलं काम चोख करते. .३५ व्हेलनसाठीच्या टोकदार बुलेटा मात्र घेऊ नका, व्यास तोच .३५८ इंच असला तरी त्या जास्त वेगासाठी कडक केलेल्या असतात, आणि तुमच्या ट्यूब मॅगझिनमध्ये मागच्या काडतुसाचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकलेलं असतं, धक्क्यानं मॅगझिनमध्येच बार होऊ शकतो. एफटीएक्सचं टोक मऊ असल्यामुळं ती ट्यूबमध्ये चालते, पण तिचा फायदा दीडशे यार्डांकडं. मी तुमच्या जागी असतो तर राउंड नोज घेतली असती.

नाशिकहून:
मधेच विचारतो, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद, तिकडे कुणीही उठून जातं का?

जुना_लिव्हरवाला:
नाही हो. लायसन्स लागतं, प्रत्येक हरणामागं टॅग लागतो, आणि पेनसिल्व्हेनियात रायफल सीझनला डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कपडा अंगावर हवाच.

ओहायोचा_बंड्या:
लिव्हरवाले काकांशी सहमत. दारूबद्दल सांगतो, एच४८९५ घरात आहे ना, मग तीच वापर. थंडीत तिचा वेग फारसा हलत नाही, तू ऑगस्टमध्ये लोड ठरवणार आणि हरीण दिसणार डिसेंबरच्या गारठ्यात. एच३३५ बारीक गोल दाण्यांची, मेजरमधून (दारू मापून टाकणाऱ्या यंत्रातून) पाण्यासारखी पडते, भरायला सोपी, पण हवामानाचा तिच्यावर परिणाम जास्त.

दारूपेक्षा पुंगळीकडे लक्ष दे. .३५ रेमिंग्टनचा खांदा, म्हणजे पुंगळी तोंडाकडे निमुळती होते तो भाग, अगदी नावापुरता असतो आणि काडतूस चेंबरमध्ये त्याच खांद्यावर टेकतं. डाय .३०८ सारखी दाबून खाली बसवलीस तर खांदा मागं जातो आणि मग दर बाराला पुंगळी बुडाशी ताणली जाते. माझ्या बाबतीत झालंय, चौथ्यांदा भरलेली पुंगळी रेंजवर बुडाजवळ तुटली, मागचा तुकडा बाहेर आला आणि पुढचा चेंबरमध्येच अडकला, दिवस वाया गेला, डोळ्यावर चष्मा होता म्हणून बरं. तेव्हापासून पेपरक्लिप सरळ करून टोक वाकवतो आणि प्रत्येक पुंगळीच्या आत बुडाजवळ फिरवतो, चर लागला की पुंगळी बाद.

शिवाय सगळ्या पुंगळ्या एकाच लांबीला ट्रिम कर, १.९२० इंचाच्या वर एकही नको, मगच क्रिम्प (पुंगळीचं तोंड बुलेटवर आवळणं) सगळीकडे सारखा बसतो. क्रिम्प बुलेटच्या खाचेतच दे, नाहीतर मॅगझिनची स्प्रिंग आणि बाराच्या झटक्यानं बुलेट आत सरकते आणि दाब वाढतो.

पिट्सबर्गकर:
दोघांचेही मनापासून आभार. राउंड नोज आणि एच४८९५ घेऊन पुस्तकाच्या सुरुवातीच्या आकड्यापासून अर्ध्या अर्ध्या ग्रेननं चढलो, शेवटच्या आकड्याच्या एक ग्रेन अलीकडे तीन गोळ्या १०० यार्डांवर दीड इंचात बसल्या, क्रोनोवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) सरासरी १९९० फूट आली, तिथंच थांबलो. डब्यातली ४० काडतुसंही मोकळी केली. पहिल्या दहांची दारू वेगवेगळी मोजली तर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यात अडीच ग्रेनचा फरक निघाला. पेपरक्लिप फिरवली, सहा पुंगळ्यांना चर लागला, पक्कडीनं चेपून भंगारात टाकल्या.