डावे, उजवे की मधले? तुम्ही स्वतःला काय म्हणवता?

प्रश्न: श्रीमंतांवर जास्त कर हवा म्हटलं की भाऊ मला डावा ठरवतो. सरकारनं लोकांच्या बोलण्या-लिहिण्यात नाक खुपसू नये म्हटलं की त्याच्या लेखी मी उजवा! शेवटी ‘मध्यममार्गी’ म्हणून सुटका करून घेतो. तुम्ही काय सांगता?

प्रतिसाद १: मध्यममार्गी ही बऱ्याचदा पळवाटच असते हो. युरोपियन सोशल सर्व्हेत ० म्हणजे डावे, १० म्हणजे उजवे, अशी पट्टी देतात. भरपूर लोक ५ वर बोट ठेवून मोकळे होतात. त्यात खरे मधले किती आणि राजकारणाचा कंटाळा आलेले किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

प्रतिसाद २: फ्री आणि कँट्रिल या जनमताच्या अभ्यासकांनी १९६७ मध्ये अमेरिकी लोकांबद्दल गंमत दाखवली होती. तत्त्व म्हणून विचारलं की सरकारी हस्तक्षेप नको. शिक्षण, घरं, वृद्धांचे उपचार अशी एकेक योजना पुढे ठेवली की सरकारनं खर्च करावा! त्यामुळे माणसानं स्वतःला लावलेल्या बिल्ल्यावर माझा फारसा भरवसा नाही.

मूळ प्रश्नकर्ता: पटलं. पण भावाला एका शब्दात उत्तर लागतं, त्याचं काय करू?

प्रतिसाद २: वारसा करावर त्याचं मत विचारा. एका शब्दात.